दोन चिमाबाई

डिंभ्याच्या चिमाबाईंना रक्ताची पिशवी लावली, तेव्हा वॉर्डातली दुपारची जेवणं नुकतीच आटोपली होती. पिशवीवरचं नाव, नोंदणी क्रमांक, रक्तगट, सगळं वैजयंती सिस्टरने केसपेपरशी ताडून पाहिलं. सगळं जुळत होतं. रक्त सुरू झालं की सुरुवातीची काही मिनिटं पेशंटजवळून हलायचं नाही, म्हणून ती खाटेशेजारी स्टूल ओढून बसली. सून रत्ना पायथ्याशी उभी होती.

"यंदा डिंभ्याचं धरण भरलं का हो?" वैजयंतीने सहज विचारलं.

चिमाबाई छताकडे बघत होत्या.

"पोरी, मला कसंतरीच व्हतंय."

"थंडी वाजतेय का?"

"थंडी न्हाई. कंबर लई दुखाया लागली." त्यांनी वैजयंतीचं मनगट घट्ट धरलं. "कायतरी वंगाळ व्हनार हाय. मला कळतंय."

"आत्या, सुईला काय भ्यायचं?" रत्ना म्हणाली.

वैजयंतीने मात्र तेवढ्यात पिशवीची नळी बंद केली होती. चुकीचं रक्त अंगात गेलं की काही माणसांना ताप येण्याआधी मरणाची चाहूल लागते, हे ती शिकली होती. प्रत्यक्षात आज पहिल्यांदाच बघत होती. तिने नळी बदलून सलाईन सुरू केलं आणि डॉक्टरांना हाक मारली. ते येईपर्यंत चिमाबाईंचं अंग थडथडायला लागलं होतं.

पिशवी, नळी आणि चिमाबाईंच्या रक्ताचा नवा नमुना घेऊन ती लॅबकडे निघाली. वाटेत ड्रेसिंगच्या खोलीत वृषाली भेटली. सकाळचे नमुने या नव्या सिस्टरनेच घेतले होते.

"वृषाली, चिमाबाईंचं सॅम्पल घेताना बाटलीवर नाव लगेच टाकलंस ना?"

"टेबलावर येऊन टाकलं. दोघींचं एकदमच घेतलं होतं."

"दोघी कोण?"

"डिंभ्याच्या चिमाबाई आणि अवसरीच्या. त्यांच्या मोडलेल्या खुब्याचं ऑपरेशन चाललंय ना..." बोलता बोलता वृषाली थांबली. तिचा चेहरा उतरला.

वैजयंतीने हातातलं सगळं तिच्याकडे दिलं आणि ती ऑपरेशन थिएटरकडे पळाली.

अवसरीच्या चिमाबाईंना पूर्ण भूल दिलेली होती. त्यांना कंबर दुखते सांगता येत नव्हतं, कुणाचं मनगट धरता येत नव्हतं. वरची पिशवी अर्ध्याहून जास्त रिकामी झाली होती. प्रेशर का पडतंय, जखमेचं रक्त का थांबत नाही, या विचारात ऑपरेशन करणारे डॉक्टर ज्ञानेश्वर होते. खाली टांगलेल्या लघवीच्या पिशवीत काळपट लाल पाणी साचलं होतं.

"सर, रक्त बंद करा," वैजयंती दारातूनच म्हणाली. "हे रक्त त्यांचं नाही."

भूलतज्ज्ञाने काही न विचारता नळी बंद केली.

जखम कशीबशी बंद करून पेशंटला पुण्याला हलवायचं ठरलं. हॉस्पिटलच्या मालकांनी ज्ञानेश्वरांना बाजूला घेतलं. "नातेवाइकांना एवढंच सांगा, ऑपरेशनमध्ये रक्त जास्त गेलं. वय झालंय त्यांचं."

"पुण्याच्या डॉक्टरांना खरं कळलं नाही तर ते उपचार कसले करणार?" ज्ञानेश्वर म्हणाले. ते बाहेर गेले. बाकावर अवसरीच्या चिमाबाईंचा मुलगा चांगदेव बसला होता. त्याच्या शेजारी बसून त्यांनी सगळं सांगितलं. दोन बायांच्या रक्ताचे नमुने आमच्याकडे बदलले गेले, आईच्या मूत्रपिंडांना धोका आहे, आणि हे आम्ही आरोग्य खात्याला लेखी कळवणार आहोत.

चांगदेव म्हणाला, "आमच्या आईचं रक्त कुनाला गेलं मग?"

अँब्युलन्स लागेपर्यंत तो वॉर्डात जाऊन आला. वैजयंतीला वाटलं, आता भांडण होणार. तो डिंभ्याच्या चिमाबाईंच्या खाटेशी नुसता उभा राहिला. त्यांचं थडथडणं थांबलं होतं.

"कोन पावणं?" त्यांनी विचारलं.

"अवसरीचा हाय मी. चिमाबाईचा ल्योक."

"चिमाबाई तर मीच."

"व्हय," तो म्हणाला. "बऱ्या व्हा."

त्याची आई आठवड्याच्या आत पुण्यात वारली. लघवी पुन्हा सुटलीच नाही. डिंभ्याच्या चिमाबाईंना घरी सोडायच्या दिवशी रत्नाने वैजयंतीला हळूच विचारलं, "त्या दुसऱ्या बाईचं काय झालं, आत्याला सांगू का?"

वैजयंती हातातल्या कागदावरचं नाव आणि नोंदणी क्रमांक पुन्हा ताडून बघत राहिली.