मुठीत राहिलेले दोन दाणे

गुलशन ब्रास बँडचे मास्तर इलाहीबक्ष माणूस फुंकरीवरून ओळखत. कोणाच्या छातीत किती दम आहे, त्यातला किती वाजवण्यात जातो आणि किती फुशारकीत, याचा हिशेब माणसानं दारात चप्पल काढेपर्यंत त्यांच्या मनात तयार असे. चाळीस वर्षं सोलापूरच्या वराती त्यांनी उलटं चालत पुढं नेल्या होत्या. उलटं म्हणजे क्लॅरिनेट तोंडाला, तोंड बँडकडे आणि पाठ रस्त्याकडे. मागं खड्डा किंवा रिक्षा आली की कोणीतरी त्यांचा पट्टा ओढायचा. ते पट्टा ओढायचं काम सहा वर्षं त्यांच्याच पोरीनं, महेजबीननं केलं होतं.

एवढं बघितलेला माणूस सहजासहजी हबकत नाही. पण त्या मंगळवारी पोरीची तालीम बघायला सात रस्त्याजवळच्या नव्या सभागृहात मास्तर शिरले आणि शेवटच्या रांगेतली खुर्ची चाचपडत खाली बसले.

स्टेजवर साठ माणसं. व्हायोलिनं, मोठमोठी चेलो, हॉर्न, ट्रंपेट, मागं ड्रम. आणि त्या साठांच्या पुढं, चौकोनी चौथऱ्यावर, त्यांची पोरगी. हातात क्लॅरिनेट नाही, काही नाही. नुसती एक पांढरी काडी.

"तिप्पण्णा," ते शेजारी कुजबुजले, "हिचा बाजा कुटं हाय?"

तिप्पण्णा त्यांचा मोठा ढोल वाजवणारा. बावीस वर्षं सोबत. त्यानं मान लांब करून पाहिलं. "बाजा न्हाय वो मास्तर. काडीच हाय. बाकीचे वाजवतेत, आन ही हवेत रांगोळी काढतीया."

महेजबीन पुण्याला संगीत शिकते एवढं मास्तरांना ठाऊक होतं. त्यांच्या समजुतीप्रमाणे ती क्लॅरिनेटच शिकत होती, आणि आज ना उद्या एखाद्या शाळेत शिकवायला लागणार होती. एकदा घरी आली तेव्हा ती "अब्बा, अब मैं दूसरा सीखती" असं म्हणाली होती खरी. पण दुसरं म्हणजे दुसरं एखादं वाद्य, असं त्यांनी धरलं होतं. काहीच न वाजवणं हेही शिकावं लागतं, हे त्यांच्या कोणत्याच कप्प्यात बसेना.

ते बसवून दिलं आबासाहेबांनी. आबासाहेब म्हणजे सुताच्या व्यापारातून निवृत्त झालेले, परदेशी रेकॉर्डी ऐकून ऐकून थोडे बहिरे झालेले गृहस्थ. सभागृह त्यांच्याच ट्रस्टचं. वर्षातले तीनशे दिवस ते रिकामं राहायचं, म्हणून त्यांनी ते या शिबिराला दिलं होतं. दहा दिवसांचं शिबिर. विसाव्या शतकातल्या सिंफनी चालवायच्या कशा, याचं वरच्या पायरीचं शिक्षण. देशभरातून निवडलेले पाच तरुण वाद्यवृंद-संचालक, पुणे-मुंबई-गोव्याचे साठ वादक आणि शिकवायला व्हिएन्नाच्या इल्सेबाई. वय त्र्याहत्तर, उंची महेजबीनच्या खांद्यापर्यंत, आणि आवाज असा की मागच्या रांगेतला ट्रंपेटवालाही पाय जुळवून बसे.

"शेवटच्या दिवशी पाचही जण एकच तुकडा चालवणार," आबासाहेब म्हणाले. "त्यातल्या एकाला बाई दोन वर्षं आपल्याकडं नेणार. एकालाच. महेजबीनचं नाव त्यात आहे. तुला सांगितलं नाही तिनं?"

 पोरीनं सांगितलं नव्हतं याचा धक्का, की सांगितलं तरी आपल्याला कळलं नसतं याचा, हे मास्तरांचं मास्तरांनाच ठरवता येईना.

पाचव्या दिवशी वाद्यवृंदातल्या झांजवाल्याच्या घरून फोन आला. वडील अत्यवस्थ. तो दुपारच्या गाडीनं गोव्याकडं निघाला, आणि बाईंनी डोक्याला हात लावला. त्या तुकड्यात झांज एकदाच वाजते. पण ती वाजली नाही तर अख्खा तुकडा लंगडा. आबासाहेब उठून म्हणाले, गावात माणूस आहे. क्लॅरिनेट हातात धरायच्या आधी इलाहीबक्षनं बापाच्या बँडमध्ये नऊ वर्षं झांजच वाजवली होती.

महेजबीन संध्याकाळी घरी आली ती पांढऱ्या चेहऱ्यानंच.

"अब्बा, तुमे नक्को आओ. मैं दूसरा आदमी देखती."

"कैकू? मेरेकू झांज नै आती?"

"आती. तुमकू जास्तीच आती."

लालबी, तिची आई, भाकरी थापता थापता म्हणाली, "बाप के सामने खड़े रहने की शरम आती क्या गे?" त्यावर पोरगी उठून आत गेली, आणि मास्तरांनी दुसऱ्या दिवशी धुतलेला पांढरा गणवेश इस्त्रीला दिला.

तालमीत पहिल्यांदा कागद पुढं आला तेव्हा मास्तर आणि तिप्पण्णा दोघंही हादरले. या लोकांच्या कागदावर ताल घराघरांत मांडलेला असतो. एका घरात चार मात्रा. मास्तरांच्या कागदावर शहाण्णव घरं कोरी होती. शहाण्णव! त्यानंतर एक ठिपका. बस.

"म्हंजे एवढा येळ गप बसायचं?" तिप्पण्णा म्हणाला. "वरातीत असा बसला तर नवऱ्याचा मामा कानफटात मारंल की वो."

वरातीत बँड थांबत नाही, हा गुलशनचा पहिला नियम. दुसरा नियम: कागद नाही, मास्तरांचे डोळे. मास्तरांनी ज्याच्याकडं बघितलं त्यानं वाजवायचं, लगेच, विचार न करता. ढोलाकडं बघितलं की ढोल, झांजेकडं बघितलं की झांज. मास्तरांच्या नजरेला उशीर करणारे दोघे त्यांनी चाळीस वर्षांत काढून टाकले होते.

शहाण्णव घरं मोजायची तोड तिप्पण्णानंच काढली. मालदांडी ज्वारीचे शहाण्णव दाणे त्यानं निवडून उजव्या मुठीत घेतले. एक घर गेलं की एक दाणा डाव्या हातात. मास्तरांच्या मागच्या स्टुलावर बसून तो हे काम एवढ्या गंभीरपणे करी, की व्हायोलिनवाल्या पोरींना हसू आवरत नसे. पण चूक एकदाही नाही. शहाण्णवावा दाणा पडला की तो मास्तरांच्या पाठीला बोट लावी आणि झांज कडाडे. इल्सेबाईंनी दुसऱ्या दिवशी मान डोलावली, तेव्हा तिप्पण्णा अर्धा इंच उंच झाला.

शेवटची दोन घरं मात्र निराळी होती. त्यात सगळेच गप्प. साठच्या साठ. मग झांज, आणि तिच्यावर सगळा वाद्यवृंद एकदम कोसळायचा. बाईंनी त्या दोन घरांवर अख्खी एक सकाळ घालवली. आबासाहेबांनी मास्तरांना मराठीत सांगितलं: हे संगीत मोठ्या युद्धाच्या काळात लिहिलेलं. जे घरी परत आले नाहीत त्यांच्यासाठी ही दोन घरं रिकामी ठेवलीत. तिथं कोणी श्वाससुद्धा मोठ्यानं घ्यायचा नाही.

मास्तरांना ते कळलं. जे कळलं नाही ते दुसरंच. चारही दिवस महेजबीननं त्यांच्याकडं एकदाही बघितलं नाही. ट्रंपेटकडं बघे, ड्रमकडं बघे, तिप्पण्णाच्या ज्वारीकडंसुद्धा एकदा बघून हसली. बापाकडं नाही. झांजेची वेळ आली की तिची नजर कागदावर.

"लई शिकली," मास्तर सात रस्त्याच्या टपरीवर चहा फुंकत म्हणाले. "बापाकडं बघायला वेळ न्हाय."

"जाऊ द्या की मास्तर. दाणे हायत आपल्याकडं."

शेवटच्या दिवशी चार वाजता सभागृह भरलं. गावातले डॉक्टर, संगीत शिक्षक, आबासाहेबांचे व्यापारी मित्र आणि मागच्या रांगेत गुलशनची सगळी पलटण, गणवेशात. पाचांतले चौघे एकेक करून उभे राहिले. पुण्याचा पोरगा तर असा नीटनेटका, की चालवणारा आहे का नाही असं वाटावं. चारही वेळा शहाण्णव दाणे पडले, चारही वेळा पाठीला बोट लागलं, चारही वेळा झांज जिथल्या तिथं. चौघांपैकी एकानंही मास्तरांकडं पाहिलं नाही. ते आपले कागदात.

पाचवी महेजबीन.

तिनं हात उचलला आणि मास्तरांना पहिल्यांदा जाणवलं की हवेत रांगोळी म्हणजे काय. चेलो तिच्या खांद्यातून निघत होते. हॉर्न तिच्या कोपरावर बसले होते. चौघांच्या वेळी जे साठ जण साठ ठिकाणी होते, ते आता एका माणसासारखे श्वास घेत होते. मास्तर भान विसरले. मागं दाणे पडत होते, ऐंशी, नव्वद, त्र्याण्णव, चौऱ्याण्णव.

मग सगळं थांबलं. दोन घरांची शांतता सुरू झाली. सभागृहात पंख्याचाही आवाज नव्हता.

आणि महेजबीननं डोळे उचलून बापाकडं बघितलं.

झांज कडाडली.

चाळीस वर्षं ज्या नियमावर बँड चालला, तो नियम हातांनी पाळला. मास्तरांना विचारलंच नाही. आवाज छताला जाऊन आदळला. पहिल्या रांगेतल्या डॉक्टरांनी छातीवर हात ठेवला. पुण्याच्या पोरानं डोळे मिटले. मागं तिप्पण्णा मूठ पुढं करून बसला होता, आणि त्या मुठीत दोन दाणे अजून तसेच होते.

पुढचा क्षण किती मोठा होता हे कोणी सांगू शकत नाही. वादकांचे गज हवेत अडकलेले, कोणी कागदाकडं बघतंय, कोणी शेजाऱ्याकडं. तेवढ्यात महेजबीनचा डावा हात वरून खाली आला, कुऱ्हाडीसारखा, आणि साठच्या साठ जण झांजेच्या शेपटाला धरून आत कोसळले. एकही मागं राहिला नाही. वरातीत घोडा बिथरून ढोल चुकला, की मास्तर ढोलाला थांबवत नसत. सगळा बँड घेऊन त्याच्या चुकीवर चढत. पट्टा धरून चालणाऱ्या पोरीनं ते सहा वर्षं पाठीमागून ऐकलं होतं.

तुकडा संपला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुष्कळांना काही बिघडलं होतं हेही कळलं नव्हतं. इल्सेबाई मात्र टाळी न वाजवता उठल्या. स्टेजवर आल्या आणि इंग्रजीत एकच प्रश्न विचारला. भाषांतराची गरज नव्हती, तरी आबासाहेबांनी ते केलं. "कोणी मारली?"

मास्तर उभे राहिले. गुलशनमध्ये चूक झाली की ती झांजवाल्याच्या नावावर पडे, हाच रिवाज. मास्तरांनी स्वतः ती कित्येकदा तिथं टाकली होती. आज झांज त्यांच्याच हातात होती.

"मी. माझी चूक. पोरीचं नाव कापू नका."

"अब्बा, बसा," महेजबीन म्हणाली. सगळ्यांसमोर, मराठीत, मोठ्यानं. मग बाईंकडं वळून ती इंग्रजीत बोलली आणि आबासाहेब मास्तरांच्या कानाशी लागले. "ती म्हणते, मी बघितलं. यांच्याकडं बघितलं की हे वाजवणार, हे या सभागृहात फक्त मला माहीत होतं. म्हणून चार दिवस बघितलं नाही. आज शांतता आली आणि मला भीती वाटली. म्हणून बघितलं. चूक माझी."

मास्तर खाली बसले. गेले चार दिवस जो राग त्यांनी चहाबरोबर गिळला होता, तो कुठं ठेवावा हे त्यांना कळेना.

बाईंनी तिच्यापुढचा कागद मिटला. मग म्हणाल्या, "ती दोन घरं मेलेल्या माणसांची होती. तू ती भरलीस. ही लहान चूक नाही."

"नाही," महेजबीन म्हणाली.

रात्रभर मास्तरांनी कूस बदलली. सकाळी सभागृहाच्या फलकावर निकालाचा कागद लागला. तिप्पण्णाला इंग्रजी वाचता येत नव्हतं, तरी तोच आधी धावला, आणि नुसतं बोट दाखवत, तोंड उघडं ठेवून उभा राहिला. एकच नाव होतं, महेजबीनचं. मास्तरांनी ते तीनदा वाचलं. मग स्पेलिंग वाचलं. दुसऱ्या कोणाचं असेल म्हणून पुण्याच्या पोराचं नाव पुन्हा विचारून घेतलं.

इल्सेबाई जिन्यावरून खाली येत होत्या. आबासाहेबांना थांबवून त्यांनी मास्तरांना दोन वाक्यं सांगायला लावली.

"त्या म्हणतात, चौघांनी कागद चालवला, हिनं माणसं चालवली. म्हणून ही." आबासाहेब घुटमळले. "आणि म्हणतात, तुम्ही हिला जे शिकवलंत त्यातलं अर्धं दोन वर्षांत पुसावं लागेल. पहिलं म्हणजे, घाबरल्यावर आपल्या माणसाकडं बघायचं नाही."

"आन उरलेलं अर्धं?" मास्तर म्हणाले.

आबासाहेबांनी ते बाईंना विचारलं. बाई पहिल्यांदा हसल्या आणि डावा हात कुऱ्हाडीसारखा खाली आणून दाखवला.

तीन महिन्यांनी सकाळच्या गाडीला महेजबीन मुंबईकडं निघाली, तिथून विमान. फलाटावर लालबी, मास्तर, तिप्पण्णा. पोरीनं सलाम केला, बॅग वर टाकली आणि खिडकीशी जाऊन बसली. बसली ती समोरच्या सीटच्या पाठीकडं बघत. गाडी हलली तरी मान वळली नाही.

लालबी पदरानं डोळे पुसत भडकली. "देखो तो! पत्थर हो गई छोकरी. माँ-बाप की तरफ एक बार नै देखती?"

"नक्को देखने दे उसकू," मास्तर म्हणाले.

"कैकू?"

 तिप्पण्णानं बाजूनं पाहिलं. मास्तरांचे दोन्ही पंजे उघडे होते आणि ते त्यांनी, न वाजवायच्या झांजांसारखे, एकमेकांपासून लांब धरले होते, शेवटचा डबा फलाटाबाहेर जाईपर्यंत.