अर्धा उरलेला दोर

मी एक दोर आहे. खरं सांगायचं तर अर्धाच.

नौदलाच्या पाणबुड्या कमांडोंच्या तळावर त्यांना शिकवणाऱ्या उस्तादांनी मला वळलं आणि माझी दोन टोकं दोन मनगटांना अडकवली. एक लंबूच्या, दुसरं गुरुजींच्या; दोन जवानांची ही टोपणनावं. गढूळ पाण्यात जोडीदार दिसत नाही, म्हणून हा दोर. उस्ताद सांगत, जुन्या लढाईत त्यांच्या आधीचे लोक नुसत्या चड्डीवर, कमरेला सुरा खोचून शत्रूच्या बंदरात शिरायचे. त्यांची नावं कुठेच लागली नाहीत.

"आपलं काम म्हणजे पाण्यावरची रेघ," ते म्हणत.

लंबू बडबड्या, गुरुजी घुमे. पाण्याखाली मात्र दोघंही माझ्यातूनच बोलत. एक हिसका म्हणजे 'ठीक ना?' लंबू उगाच हिसके देऊन गुरुजींना छळायचा आणि वर आला की शिव्या खायचा.

एका सकाळी प्रवाशांनी भरलेल्या जहाजाच्या बुडाला स्फोटक चिकटवलेलं सापडलं. दोघांनी ते सोडवलं. ते दूर नेताना लंबूचा पाय बुडालेल्या तारांच्या जाळ्यात अडकला. सुऱ्याने तार तुटेना. गुरुजी त्याला सोडून जाईनात. हातात स्फोटक, वेळ सरत चाललेली. शेवटी लंबूने तोच सुरा माझ्यावर चालवला.

गुरुजींनी स्फोटक लांब नेऊन निकामी केलं आणि जिवाच्या आकांताने ते माघारी आले. लंबूची हवा संपली होती. जहाजावर लोक चहा पीत होते.

लंबूच्या घरी कळवलं गेलं, सरावात अपघात झाला. गुरुजी त्याच्या आईला भेटायला गेले. काही बोलायची परवानगी नव्हती. तो नीट जेवायचा का, कपडे कोण धुवायचं, असलंच ती विचारत राहिली. मग थांबून म्हणाली, "शेवटी त्याच्याजवळ कोणी होतं का रे?"

"मी होतो, आई. त्यानेच मला पुढे पाठवलं."

त्यांनी मला मनगटावरून सोडवून तिच्या हातात दिलं. तिने माझं कापलेलं टोक बोटांनी चाचपलं.

आता स्वयंपाकघराची खिडकी वाऱ्याने आपटू नये म्हणून तिने मला कडीला बांधलंय. गुरुजींची बदली झाली. फोनही क्वचितच येतो. शेजारीपाजारी विचारतात तेव्हा ती "सरावात गेला" एवढंच म्हणते आणि भाजी निवडू लागते. एकटीच जेवते, माझ्याकडे तोंड करून. मला बोलता येत नाही.

कधी तिच्याकडे गेलात तर तो कसा गेला हे विचारू नका. तिच्या पानाशेजारी आपलं पान मांडा, आणि सावकाश जेवा.