पन्हळीखालची ओल

मुलांनो, घटकाभर डोळे मिटा आणि समजा, की तुम्ही जर्मनीतल्या एका घंटा ओतायच्या कारखान्यात उभे आहात. समोर खोल खड्डा. त्यात घंटेचा साचा पुरलेला, वर माती चोपून घट्ट बसवलेली. शेजारच्या भट्टीत घंटेचा धातू, कासं, वितळून रसरसतंय. आता तोंडही मिटा. शुक्रवारी दुपारी तीनची प्रार्थना झाली, की घंटेचा साचा भरेपर्यंत मुकादमाखेरीज कुणी बोलायचं नाही, असा इथला नियम आहे.

अकरा वर्षांची विब्के तशीच ओठ दाबून उभी होती. कारखाना तिच्या आईचा, इर्मट्राउटबाईंचा. कठड्यापलीकडे चर्चचे पाद्री आणि पाहुणे वाट बघत होते.

मुकादम गेरोल्डनं भट्टीचं तोंड फोडायला पहार उचलली. तेवढ्यात विब्केला दिसलं. धातू वाहून न्यायची पन्हळ निखाऱ्यांनी तापवलेली होती, आणि तिच्याखालची माती एका जागी काळपट पडली होती. तिथून वाफेची बारीक रेघ निघत होती.

ओल! ओलीवर तापलं कासं पडलं तर स्फोट होतो, हे तिला ठाऊक होतं. खड्ड्याभोवती माणसं उभी होती. तिनं पलीकडे पाहिलं. योस्ट नावाच्या तरुण कामगाराचीही नजर तिथंच खिळलेली. विब्केशी नजरानजर होताच त्यानं मान खाली घातली.

पहार भट्टीला टेकली.

"थांबा! माती ओली आहे!"

"कोण ते?" गेरोल्ड गरजला. "बाई, पोरीला बाहेर काढा. कासं निवायला लागलं तर सगळं मुसळ केरात!"

"पहार खाली ठेव, गेरोल्ड," इर्मट्राउटबाई म्हणाल्या.

"पाहुण्यांसमोर? लोक हसतील."

"हसू देत. खाली ठेव."

बाई खड्ड्यातल्या मातीवर उतरल्या. पन्हळीखाली बोटं रोवली, वर आल्या आणि चिखलानं माखलेला हात सगळ्यांना दाखवला.

"पाद्रीबाबा, आज घंटा होणार नाही," त्या म्हणाल्या. "आणि चूक माझी आहे. माती मी तपासायला हवी होती. तोंड बंद ठेवायचा हुकूमही माझाच. आणखी कुणाला दिसलं होतं?"

विब्केनं योस्टकडे बोट दाखवलं नाही.

शेवटी योस्टनंच टोपी काढली. "मला दिसलं होतं, बाई."

"मग जीभ काय घरी विसरलास?" गेरोल्ड त्याच्यावर धावला. "आम्हाला भाजून काढायचं होतं का रे?"

"गेरोल्ड!" बाईंचा आवाज चढला नाही, पण गेरोल्ड जागच्या जागी थबकला. "आज त्याला झापलंस, तर पुढच्या वेळी कुणी खरं सांगणार नाही. यापुढे ओल दिसली, की ज्याला दिसली त्यानं ओरडायचं. प्रार्थना चालू असली तरी. योस्ट, तुझं चुकलं. पण सांगितलंस, बरं केलंस."

योस्टचे कान लाल झाले होते. बाकीचे कामगार त्याच्यापासून जरा सरकून उभे राहिले.

विब्के खड्ड्याला वळसा घालून गेली आणि त्याच्या शेजारी, अगदी खेटून उभी राहिली.