माझ्या नाकावरचं तोरण

मित्रांनो, मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. नका ठेवू! म्हणून मी काही सांगायची थांबणार नाही. मी एक जुनी क्रेन आहे, चाकांवर फिरणारी, एके काळी पिवळी असलेली, आणि अख्ख्या नवी मुंबईत माझ्याइतकी भित्री दुसरी कुणी नाही. लोक मान वर करून बघतात आणि म्हणतात, केवढी ही ताकद! त्यांना काय माहीत, उचललेलं ओझं खाली टेकेपर्यंत माझ्या पोटातलं तेल लटलट कापत असतं.

"तेल कसं कापेल?"

हा वरद. नावडे कॉलनीतला. संध्याकाळी यांचा चेंडू माझ्या चाकांखाली येतो, आणि मग वरद, क्षिप्रा आणि तेजश्री माझ्या सावलीतच बसकण मारतात. क्षिप्रा प्रश्न विचारते, वरद शंका काढतो, तेजश्री गप्प बसून ऐकते. ती माझ्या ऑपरेटरची, हौसेरावांची मुलगी. तिचं ऐकणं मला जरा जडच जातं.

"कापतं," मी म्हटलं. "भीती आमच्या घराण्यातच आहे."

माझी पणजी बंदरावर होती. ती वाफेवर चालायची. कोळसा खायची, पाणी प्यायची आणि फक्त रुळांवरून फिरायची. जिथे रूळ संपला तिथे तिचं जग संपलं. बॉयलर फुटेल या धास्तीनं ती सारखे सुस्कारे टाकायची आणि लोकांना वाटायचं, वाफ सोडतेय. एकदा तिनं जहाजातून हत्ती उतरवला. हवेत लोंबकळताना तो हत्ती इतका घाबरला, की त्यानं पणजीच्या गळ्यात सोंड टाकली आणि जमिनीवर आल्यावरही काढेना. शेवटी दोघांना एकत्रच जेवायला घातलं.

"आजी, फेकू नकोस गं!" वरद मला म्हणाला.

बरं, हत्ती लहान होता. पुढे माझी आजी ट्रकच्या पाठीवर बसली आणि रुळांची कटकट मिटली. तिची मान लोखंडी पट्ट्यांच्या जाळीची, विजेच्या टॉवरसारखी. मानेचे तुकडे वेगळ्या गाडीतून यायचे आणि जागेवर जोडायचे. उचलणं, वाकणं, वळणं, सगळं दोरखंड आणि दातेरी चाकांच्या जिवावर. ब्रेक निसटला की मान धाडकन खाली. म्हणून आजी उभ्याउभ्या डुलकीसुद्धा घ्यायची नाही.

मग तेल आलं. माझ्या आईच्या पिढीपासून आमच्या अंगात रक्तासारखं तेल फिरू लागलं. तुम्ही रंगपंचमीला पिचकारी दाबता ना? दांडा दाबला की पाणी बाहेर. आमच्यात उलटं. इंजिन पंप फिरवतं, पंप तेलाला नळीत रेटतो आणि ते तेल जाडजूड सिलिंडरमधला दांडा बाहेर ढकलतं. तो दांडा माझी मान उचलतो. या मानेला साइटवर बूम म्हणतात. माझी बूम म्हणजे एकात एक घातलेले लांब डबे. तेलानं ढकललं की एकातून दुसरा सरकत बाहेर येतो. काम संपलं की सगळे पुन्हा पोटात, आणि मी रस्त्यानं घरी.

माझा जन्म परदेशातल्या कारखान्यात झाला. तिथे वापरून झाल्यावर मला जहाजात घातलं आणि न्हावा-शेवाला उतरवलं. मला उतरवणारी क्रेन माझ्या दसपट उंच होती. तिच्या हुकाला लटकून मी पहिल्यांदा खाली पाहिलं आणि त्या दिवसापासून ओझ्याला काय वाटतं ते मला कळतं.

खाली हौसेराव उभे होते. मूळचे साताऱ्याकडचे, राहायला नावड्यात. त्यांनी माझ्या दारावर हात ठेवला आणि म्हणाले, "घाबरायचं न्हाई बाई. म्या हाय की."

माणसं यंत्राशी बोलतात, मित्रांनो. यंत्र ऐकतं की नाही याचा त्यांना फरक पडत नाही.

माझी मोठी भीती जमीन. तुम्ही जिला जमीन म्हणता ती इथे कितीतरी ठिकाणी कालपर्यंत खाडी होती. वर मुरुमाचा भराव, खाली लोण्यासारखा चिखल. म्हणून काम सुरू करण्याआधी मी चारी बाजूंना पाय पसरते. या पायांना जॅक म्हणतात. जॅक टेकले की माझी चाकं हवेत आणि सगळं वजन चार पायांवर. प्रत्येक पायाखाली लाकडाचे रुंद ठोकळे घालायचे, म्हणजे वजन पसरतं. उलव्याच्या बाजूला एकदा एका पायाखालचा ठोकळा हळूच खचला. आवाज नाही, काही नाही. फक्त क्षितिज तिरकं झालं. हौसेरावांनी ओझं हळूहळू खाली टेकवलं आणि केबिनमधून उतरून लांब जाऊन बसले. 

दुसरी भीती लांबीची. पाण्यानं भरलेली बादली छातीशी धरा, काही वाटत नाही. तीच हात लांब करून धरा. खांदा ओरडतो की नाही? माझंही तसंच. जवळचं ओझं पेलते, लांबचं मला पालथं पाडू शकतं. किती लांब किती वजन, याचा तक्ता केबिनमध्ये चिकटवलेला आहे. हौसेराव देवाच्या तसबिरीआधी तो पुसायचे.

"आणि आणखी कशाची भीती?" क्षिप्रानं विचारलं.

आणखी एक भीती आहे. ती सांगायची तर खंडेनवमीच सांगायला हवी.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. द्रोणागिरीला एका गोदामाच्या आवारात मी उभी होते. खंडेनवमीला हत्यारांची, यंत्रांची पूजा करतात आणि त्या दिवशी त्यांना कामाला लावत नाहीत. आमच्या शेठनं सगळ्यांच्या घरच्यांना पेढे खायला बोलावलं होतं. बायामुलं कंपाउंडच्या भिंतीशी सावलीत बसली होती. मला धुतलं, पुसलं, कुंकवाचं बोट लावलं. माझी मान अगदी खाली आणली होती. तिच्या टोकाला, म्हणजे माझ्या नाकाला, तोरण बांधायचा मान जोतीरामचा.

जोतीराम आमचा खलाशी. ओझ्याला पट्टे बांधणारा, हुकाला अडकवणारा. हौसेरावांचा सख्खा मेहुणा. त्यानं झेंडूचं भरगच्च तोरण आणलं आणि त्यात मधोमध नारळ गुंफला.

"दाजी, बघा कशी नवरीवानी दिसतीया!"

"घट बांध," हौसेराव केबिनमध्ये उदबत्ती लावता लावता म्हणाले. "पडंल कुणाच्या डोसक्यात."

त्यानं घट्ट बांधलं. कुठे बांधलं, ते ऐका. माझ्या नाकाशी एक छोटा दांडा बाहेर आलेला असतो. त्याला एक वजन टांगलेलं असतं. हूक फार वर आला की तो त्या वजनाला खालून उचलतो, वजनाचा भार गेला की दांडा टुणकन वर उडतो, बझर किंचाळतो आणि सगळं बंद पडतं. कारण हूक नाकावर आदळला तर त्याची पोलादी तारांची दोरी तुटते, आणि दोरी तुटली तर जे लटकलंय ते खाली. ही माझी ती भीती. आणि जोतीरामला तो दांडा म्हणजे तोरणासाठीच केलेली खुंटी वाटली. नारळाच्या भारानं दांडा खाली ओढलेला राहिला. आता हुकानं वजन उचललं असतं, तरी दांडा हललाच नसता.

मी सुंदर दिसत होते, मित्रांनो, आणि मुकी झाले होते.

पेढे वाटून झाले तेवढ्यात साइटचा सुपरवायझर ऋषी आला. तरुण मुलगा, कानाला सतत फोन. गोदामाच्या उंच भिंतीवरचा मोठा दिवा लोंबत होता.

"काका, पाच मिनिटांचं काम आहे. जोतीरामला पिंजऱ्यात घालून वर न्या, दिवा काढा, खाली. बस्स."

"आज यंत्राला हात लावत न्हाईत," हौसेराव म्हणाले.

"अहो, तो दिवा खाली पडला तर? एवढी पोरं बसलीत इथे. टेन्शन नका ना देऊ."

पोरांचं नाव काढल्यावर हौसेराव केबिनमध्ये चढले. जोतीराम स्वतःच पट्टा कमरेला बांधून हुकाला लटकवलेल्या लोखंडी पिंजऱ्यात चढला. "चला दाजी. देवाचंच काम समजा."

"मग ते तोरण तरी काढ वरचं."

"पूजेचं तोरण आज काढू नये म्हनत्यात," जोतीराम म्हणाला, आणि हौसेरावांनी इंजिन चालू केलं. 

आमच्याकडे इशारा एकानंच द्यायचा असतो. चौघांनी चार हात हलवले तर ऑपरेटरनं कुणाचं ऐकायचं? त्या दिवशी इशारा ऋषी देत होता. जुन्या खलाशांचे शब्द आहेत: वर घ्यायचं तर 'हाबीस', खाली सोडायचं तर 'आरिया'. ऋषी ते नवीनच शिकला होता आणि त्याला ते ओरडायला फार आवडायचं.

"हाबीस! हाबीस!"

पिंजरा उचलला. जोतीरामचे पाय जमिनीवरून सुटले आणि माझ्या पोटात तेल लटलटलं. पिंजरा भिंतीच्या वरच्या कडेपाशी पोचला, पण दिवा अजून लांब होता.

"बूम काढा काका! अजून! अजून थोडी!"

माझे डबे एकातून एक सरकू लागले. आता नीट समजून घ्या. मान लांब होते, पण दोरी तेवढीच राहते. म्हणजे मान जितकी लांब, तितका हूक नाकाकडे वर खेचला जातो. म्हणून मान काढता काढता दोरी सोडावी लागते. हौसेराव सोडत होते. पण दुपारचं ऊन थेट त्यांच्या डोळ्यांवर होतं. माझं नाक त्यांना दिसत नव्हतं. त्यांचा सगळा भरवसा बझरवर. इतकी वर्षं तो वाजला होता, आजही वाजेल.

हूक हातभर अंतरावर आला. बझर गप्प.

"अजून थोडी!"

हूक वितीवर आला. त्यानं टांगलेलं वजन उचललं, आणि नारळानं दांडा खालीच धरून ठेवला. झेंडूची फुलं चिरडली जाऊ लागली. पाकळ्या जोतीरामच्या डोक्यावर पडल्या. त्यानं मान वर केली. त्याला सगळं कळलं. त्यानं तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. त्यानं पिंजऱ्याचा गज दोन्ही हातांनी आवळला आणि कंपाउंडच्या भिंतीशी बसलेल्या माणसांकडे पाहिलं, जणू एकेकाचा चेहरा लक्षात ठेवत होता.

नारळाला तडा गेला. कडकन. त्याचं पाणी माझ्या नाकावरून ओघळलं. दोरीच्या तारा ताणून गाऊ लागल्या. एखादी तार तुटताना कसा आवाज येतो ते देव करो आणि तुम्हाला कधी ऐकायला न मिळो.

क्षिप्रानं वरदचा हात घट्ट धरला होता.

"मग?"

मग, मित्रांनो, मी आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं कुणाच्याही हुकमाशिवाय काहीतरी केलं. हौसेरावांचा हात लिव्हरवर तसाच होता, ऋषी तसाच ओरडत होता, आणि मी माझं इंजिन आतल्या आत बंद करून टाकलं! दात आवळले, नळ्यांमधलं तेल होतं तिथे गोठवलं, दोरी घट्ट धरून ठेवली. सगळीकडे शांत. मग मीच हळूहळू दोरी सोडली आणि जोतीरामला पाळण्यातल्या बाळासारखं जमिनीवर ठेवलं.

पुढे शेठनं संगणकवाली नवी क्रेन आणली. ती स्वतःचं वजन स्वतः मोजते. मी इथे नावड्यात गवतात उभी आहे, टायर बसलेत, केबिनमध्ये साळुंक्या राहतात. तक्रार नाही. एवढंच सांगते, की यंत्राच्या अंगावरचा चिमुकला दांडासुद्धा उगाच नसतो. त्याला हार घालण्याआधी तो कशासाठी आहे ते विचारा. यंत्राला जपा. माया लावलेलं यंत्र वेळ आली की स्वतःहून...

"खोटं!"

तेजश्री उठून उभी राहिली होती.

"इंजिन चालूच होतं. फुलं चिरडताना मला दिसली, म्हणून कंपाउंडच्या भिंतीवर चढून मी ओरडले, 'पप्पा, थांबा!' ऋषीदादा मला म्हणाला, ए, मध्ये बोलू नको, इशारा फक्त मी देणार. मी तरी ओरडले. हाबीस आणि आरिया एकानंच म्हणायचं असतं, पण 'थांबा' कुणीही म्हटलं तरी थांबायचं असतं, पप्पांनीच शिकवलंय मला. आणि ते थांबले. त्यांनी लिव्हर सोडला, दोरी सोडली, मामाला खाली आणलं." तिला धाप लागली होती. "तू काहीच केलं नाहीस. तू तर नुसती थरथरत होतीस!"