देठ लावला की होते

दवाखान्यातून सुट्टी झाली तेव्हा दामिनी सिस्टर म्हणाल्या होत्या, "ताई, बाळाची पहिली काळी शी तिसऱ्या दिवशी झाली. एका दिवसात व्हायला पाहिजे होती. पोट फुगलं, हिरवी उलटी झाली, तर थांबू नका." मी मान हलवली आणि पिशवीत टोपडं शोधत राहिले.

कोंढा गावातल्या घरी मी, बाळ अमर आणि सासूबाई देवकाबाई. नवरा प्रफुल्ल पुण्याला कंपनीत. व्हिडिओ कॉलवर तो अमरचा चेहरा बघायचा. बघायला येणाऱ्या बायाही नाक कोणावर गेलं तेवढंच बोलायच्या.

अमरला आपसूक शी होतच नव्हती. तिसरा दिवस उजाडला की सासूबाई विड्याच्या पानाचा देठ एरंडेलात बुडवून शीच्या जागी लावायच्या. फर्रकन वारा सुटायचा, शी उडायची, पोट खाली बसायचं.

"पाह्य, झाली ना? काहून घाबरून राहिली?"

"पण आई, दर वेळी देठच काहून लागते?"

"तुह्या कालेजात हेच शिकवत होते का?"

मी हसले. मी बी.एस्सी. झालेली. वहीत तारखा लिहायचे, प्रत्येक तारखेपुढे 'देठ'. त्या वहीत सगळं होतं, आणि मी ती रोज मिटून ठेवायचे.

सहाव्या आठवड्यात पोट ढोलकीसारखं ताणलं, शिरा दिसायला लागल्या. अमर दूध ओढेना. मग ताप, आणि घाण वासाचे पातळ जुलाब. "आता होईल मोकळं," सासूबाई म्हणाल्या. तेवढ्यात उलटी झाली. हिरवी. प्रफुल्लचा फोन लागेना. शेजारच्या तुलारामभाऊंना गाडी काढायला लावली. भंडारा, तिथून नागपूर.

आतड्याचा छोटा तुकडा तपासून सर्जननं सांगितलं: शेवटच्या भागात नसांच्या पेशीच नाहीत, म्हणून तो भाग मळ पुढे ढकलत नाही. जन्मापासूनचं आहे. देठानं फक्त तेवढ्यापुरती वाट मोकळी होत होती. आता अमरच्या पोटावर शीची वाट काढली आहे, तिला पिशवी लावली आहे. मोठं ऑपरेशन पुढे.

वार्डाबाहेरच्या बाकावर सासूबाई माझ्या शेजारी येऊन बसल्या. मग म्हणाल्या, "प्रफुल्लच्या आधी एक होता. दीड महिन्याचा गेला. पोट असंच फुगलं होतं. लोक म्हणे, नजर लागली."

"मले सांगितलं काहून नाही, आई?"

"कोणी पुसलंच नाही."

तीस वर्षं त्यांनी हे मनातच ठेवलं होतं. मी त्यांचा हात धरला, त्यांनी तो धरू दिला.

मी हे सांगितल्यावर सर्जन म्हणाले, काही घराण्यांत हा आजार चालत येतो, नात्यातली तान्ही बाळं बघून घ्या. प्रफुल्लची बहीण राखी करडी गावात आहे. तिचं बाळ वीस दिवसांचं. फोन तिचा नवरा उचलतो. "वहिनी, मस्त आहे बाळ. देठ लावला की होते." प्रफुल्ललाही तेच उत्तर. राखीशी बोलणं होत नाही, आणि मला अमरजवळून हलता येत नाही.

तुम्ही करडीकडचे असाल, तर राखीकडे जाऊन या. बाळ बघायला आलो म्हणा. चेहरा बघून परतू नका, दुपटं बाजूला करून पोट बघा. आणि ती एकटी सापडली की तिलाच विचारा, देठ न लावता शी झाली आहे का, एकदा तरी.