पिवळ्या कार्डावरचं प्लास्टिक

खिडकीवाल्यानं कार्ड दोन बोटांत धरलं, उजेडाकडे केलं आणि काचेखालच्या फटीतून परत सरकवलं.

"हे चालणार नाही."

ताईनं विचारलं, "का हो?"

"लॅमिनेट केलंय. प्लास्टिकखालचा शिक्का खरा की खोटा, मी कसं ओळखू? साधं कार्ड आणा. बारापर्यंत. उद्यापासून दहा दिवस दूतावास बंद."

भिंतीवरच्या घड्याळात साडेदहा झाले होते.

मागे धाकटा भाऊ उभा होता. वय चौतीस, पण लहानपणी एका जागी टिकायचा नाही म्हणून पडलेलं 'भिंगऱ्या' हे नाव अजून सुटलं नव्हतं. दोन भंगार मोटारसायकलींतून त्यानं एक धडधाकट मोटारसायकल उभी केली होती. ती बोटीत चढून बारा दिवस झाले होते. आणखी पंधरा दिवसांनी ती आफ्रिकेच्या एका टोकाला उतरणार आणि हा तिच्यावरून नऊ देश ओलांडून दुसरं टोक गाठणार. आठ व्हिसे हातात आले होते. राहिला होता तो जिथं मोटारसायकल उतरणार त्या देशाचा. त्याची मुदत लहान, म्हणून मुद्दाम शेवटी ठेवलेला. आज अर्ज गेला तर दहा दिवसांनी दार उघडताच व्हिसा मिळणार. नाही गेला, तर व्हिसा वेळेत हाती येणार नाही, मोटारसायकल तिकडं बेवारस पडून राहणार आणि जकातवाले ती जप्त करणार.

आणि प्लास्टिक चढवलं होतं ताईनंच.

तिचं झेरॉक्सचं दुकान होतं. घरातला एक कागद तिनं उघडा ठेवला नव्हता. भिंगऱ्याचं पहिलीचं प्रगतिपुस्तकसुद्धा नाही. वाटेत पाऊस लागेल, घाम लागेल, याचे तेलकट हात लागतील, म्हणून काल संध्याकाळी तिनं हौसेनं पिवळं कार्डही गरम यंत्रातून काढलं. पीतज्वराची लस टोचल्याचा तोच एक पुरावा.

बाहेर फाटकाशी लावलेल्या, मित्राकडून मागून आणलेल्या मोटारसायकलशी येताच भिंगऱ्यानं खिशातून पातं काढलं. "दे इकडे. सोलून काढतो."

"नको! कागदच सोलून निघेल. नंबर गेला तर होतं तेही गेलं."

"मग नवीन लस टोचून घेतो."

"ती लागू व्हायला दहा दिवस जातात रे. आज काय दाखवशील?"

"सगळं पाठ आहे तुला," तो म्हणाला. "नऊ देशांचे नियम पाठ. दिवसाला शंभर कागद तुझ्या हाताखालून जातात. मग नेमकं हेच कसं नाही कळलं?"

"चुकलं माझं."

"चुकलं? सहा महिने 'जाऊ नकोस, जाऊ नकोस' चाललं होतं तुझं. मग एकदम गप्प झालीस आणि फॉर्म भरायला बसलीस. मला तेव्हाच शंका यायला हवी होती."

ताईनं कार्ड फायलीत घातलं. आई गेल्यावर याला तिनं वाढवलं होतं. वाद घातला असता तर रडू फुटलं असतं, आणि रडायला वेळ कुठं होता?

"हेल्मेट दे," ती म्हणाली. "लसीकरण केंद्रात चल. त्यांच्या रजिस्टरात नोंद असेल तुझी. आणि हे बघ, हळू चालवू नकोस."

आयुष्यात पहिल्यांदाच तिनं त्याला असं सांगितलं होतं.

केंद्रातल्या परिचारिकेनं नोंद शोधली. "मिळेल दुसरी प्रत. पण डॉक्टरांची सही लागते, आणि ते वॉर्डात गेलेत. तोवर अर्ज लिहा. कारणात 'हरवलं' लिहून टाका, सगळे तेच लिहितात."

सव्वाअकरा वाजले होते. ताईनं पेन उचललं. खोटं लिहिणं तिच्या हाताला ठाऊक नव्हतं. तिनं स्वच्छ अक्षरात लिहिलं: 'मी अर्जदाराची मोठी बहीण. कार्ड मी स्वतःच्या हातानं लॅमिनेट करून निकामी केलं. यात त्याचा दोष नाही.'

भिंगऱ्या खांद्यावरून वाचत होता.

डॉक्टर आले तेव्हा साडेअकरा उलटून गेले होते. त्यांनी अर्ज दोनदा वाचला, चष्म्यावरून ताईकडे पाहिलं. "खरं कारण लिहिणाऱ्या तुम्ही पहिल्याच, बाई." मग रजिस्टरशी नंबर ताडला, जुन्या कार्डाचा कोपरा कातरला, नव्यावर जुनीच तारीख घातली, सही केली, शिक्का मारला. "शाई ओली आहे हं. पुसेल."

ताई कार्डावर फुंकर मारत जिना उतरली. मोटारसायकलवर तिनं ते फायलीत उघडंच ठेवलं आणि फाईल दोन्ही हातांनी अशी धरली की जणू तान्हं मूल. भावाला धरायला हात उरला नाही. प्रत्येक वळणाला जीव मुठीत.

बाराला पाच कमी असताना ती खिडकीशी पोचली. खिडकीवाला कुलूप शोधत होता. त्यानं तिच्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, सुस्कारा सोडला. कार्ड हातात घेतलं, वाकवून पाहिलं, शिक्क्यावरून अंगठा फिरवला.

"हं. हे चालेल."

परत मिळालेलं कार्ड फायलीत ठेवून, पावती घेऊन ताई बाहेर आली. ती फाटकाबाहेरच्या कट्ट्यावर टेकली. भिंगऱ्या शेजारी येऊन बसला.

"ताई, पावतीला पण प्लास्टिक चढवायचं का?"

"थोबाडीत देईन."

तो हसला, मग त्यानं हेल्मेट बाजूला ठेवलं. "मी तसं बोलायला नको होतं."

ताई हातातल्या पावतीकडे बघत राहिली. "काल यंत्रात घालताना मनात काहीच नव्हतं रे, देवाशपथ. पण सकाळी तो 'चालणार नाही' म्हणाला ना, तेव्हा क्षणभर बरं वाटलं मला. हेही खरंच."

"माहीत आहे. काचेत तुझा चेहरा दिसला होता. म्हणून तर भडकलो."

भिंगऱ्यानं तिच्या मांडीवरची फाईल उघडून कार्ड बाहेर काढलं आणि शाई वाळली का ते बोटानं हळूच पाहिलं. वाळली होती. त्यानं ते तिच्यापुढं धरलं.

"पाऊस लागेल ना याला. कशात ठेवू, सांग."

ताईनं पिशवी चाचपली. सुटे कागद ठेवायची एक प्लास्टिकची थैली निघाली. तिनं त्यात कार्ड सरकवलं, आणि थैलीचं तोंड न चिकटवता, नुसतं दुमडून ती त्याच्या हातात दिली.