न्हाव्याच्या कमरेतले खडे

खडा पहिला

दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. आरशासमोर न्हावी ओणवा, त्याच्या उघड्या, दुखऱ्या कमरेला पितळी नळी टेकवलेली आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला खडेबाबा. बाबांनी श्वास ओढला, डोळे फिरवले, पाय आपटले.

टुक्! वाटीत काळा खडा पडला.

"निघाला!" गर्दी ओरडली.

"तीन दिवस कात्रीला शिवायचं नाही," बाबांनी खणखणीत आवाजात बजावलं.

न्हावी तीन दिवस लोळला. कंबर दुखायची खरंच थांबली. चौथ्या दिवशी दुकान उघडलं, आणि दुपारपर्यंत कंबर पुन्हा धरली.

खडा दुसरा

वर वाचा. सगळं तस्संच. फक्त खडा मोठा, आणि गर्दीही.

खडा तिसरा

या खेपेला खडा काढून झाल्यावर बाबा भडकले. "घरात एका बुटक्या बाईची नजर आहे! ती बाहेर गेल्याशिवाय खडे थांबायचे नाहीत."

घरात बाई एकच. आई गेल्यावर न्हाव्याला जिने वाढवलं, ती आत्या.

"आत्या, मी काय म्हणतो... थोडेच दिवस..."

"हो रे. पिशवी भरते," आत्या म्हणाली. भांडली असती तर बरं झालं असतं, असं न्हाव्याला वाटलं.

खडा चौथा, पाचवा, सहावा

तीन दिवसांनी बाबा शेवटचा खडा काढायला आले. नाव एवढं झालं होतं की पोस्टमन आणि बेकरीवालाही आपापली पाठ घेऊन रांगेत उभे होते.

आत्या पिशवी घेऊन दारात आली. "जाते मी. पण बाबा, एवढे उपकार केलेत, माझ्या भाच्याच्या हातची दाढी तरी करून घ्या."

"नफो, नफो," बाबा म्हणाले. खडा निघण्याआधी बाबा असेच बोलत. लोक म्हणत, सिद्धांची भाषा आहे.

"नको कसं? बसवा रे त्यांना!"

चौघांनी बाबांना उचलून खुर्चीत बसवलं. न्हाव्याने फेस लावला. डावा गाल झाला. उजव्या गालावर बोटं अडखळली. वीस वर्षांत असा गाल हाताखाली आला नव्हता.

"दाढ सुजलीय का, बाबा?"

"ऊं."

"जरा गाल फुगवा," न्हावी सवयीने म्हणाला आणि अंगठ्याने गाल ताणला.

टुक्. टुक्. टुक्.

फेसाच्या वाटीत तीन काळे खडे. रांगेतले सगळे वाटीवर वाकले.

"यातला माझा कुठला?" पोस्टमनने विचारलं.

बाबा अर्ध्या दाढीनिशी, गळ्यातल्या टॉवेलसकट पळाले.

खड्याशिवाय

"तरीच आत येताना बोबडा आणि जाताना खणखणीत!" आत्या म्हणाली.

"पण मग कंबर दुखते कशानं? आणि तीन दिवस थांबायची कशी?"

"तीन दिवस तू काम करत नव्हतास, म्हणून." आत्याने पोस्टमनला खुर्चीत बसवलं, मागे ताठ उभी राहिली आणि फेस लावू लागली. "बघ, ही खुर्ची मला उंचीला कशी बरोबर येते. तुझा बाप, अण्णा, माझ्याएवढाच बुटका होता. तू सहा फूट. दिवसभर वाकून मरतोस."

"अण्णांनी लावलेली उंची आहे ती. आठवण म्हणून मी कधी पॅडलला पाय लावला नाही."

"आठवण डोक्यात ठेव रे गाढवा, कमरेत कशाला ठेवतोस!"

न्हाव्याने डोळे मिटून पॅडल दाबलं. खुर्ची कुरकुरत वर निघाली.

"अहो, कुठे नेताय मला?" पोस्टमन ओरडला.

वीस वर्षांत पहिल्यांदा न्हावी ताठ उभा राहिला. मग त्याने दारात ठेवलेली आत्याची पिशवी उचलली आणि खुंटीला अडकवली.

कंबर दुखायची लगेच थांबली नाही. डॉक्टरांकडे जावं लागलं, व्यायाम करावे लागले, दीड महिना गेला. चमत्कार नव्हता, म्हणून वेळ लागला.

तेव्हा कोणी तुमच्या पाठीतून खडे काढू लागलं, तर आधी त्याला गाल फुगवायला सांगा. आणि घरातल्या माणसाला बाहेर काढण्याआधी आपण स्वतः दिवसभर कसे उभे असतो, ते एकदा आरशात बघा. न्हाव्यासमोर तर आरसा वीस वर्षं होता.